दुपारी बंद पडणारा एसी : सोलापुरातल्या एका कंडेन्सर कॉईलचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यांना भिंत लागून असलेल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे. आत रक्ततपासणीचं ऑटो अ‍ॅनालायझर यंत्र, रीएजंटचा (तपासणीच्या रसायनांचा) फ्रिज आणि दीड टनाचा एक स्प्लिट एसी. एसी फिक्स्ड स्पीडचा (कॉम्प्रेसर एकाच वेगानं फिरणारा), आर-३२ गॅसवर चालणारा, पाच उन्हाळे काढलेला. खोली जेमतेम बारा बाय चौदा फुटांची, म्हणजे मशीनची क्षमता कमी पडायचं काही कारण नव्हतं.

तक्रार ठरलेल्या वेळेची होती. सकाळी एसी उत्तम चालायचा. दुपारी दीड-दोनच्या सुमारास गार हवा यायची कमी व्हायची, मग बाहेरचा कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि आतला पंखा नुसता फिरत राहायचा. अर्ध्या-पाऊण तासानं कॉम्प्रेसर पुन्हा लागायचा, थोडा वेळ चालून पुन्हा बसायचा. संध्याकाळी सहानंतर सगळं सुरळीत. खोलीचं तापमान ३० अंशांवर गेलं की अ‍ॅनालायझर इशारा द्यायचं आणि लॅबवाल्या मॅडमना तपासण्या थांबवाव्या लागायच्या. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्या पेशंटांचे रिपोर्ट त्यामुळे दुसऱ्या दिवशीवर जात होते.

त्याच उन्हाळ्यात दोन वेगवेगळ्या मिस्त्रींनी एसीत दोनदा गॅस भरला होता. दोन्ही वेळा सकाळी येऊन. भरल्यानंतर त्या दिवशी बरं वाटायचं, आणि पुढच्या कडक उन्हात एसी आधीपेक्षा लवकर बसायचा. मॅडमनी मला पहिल्याच फोनवर विचारलं, "दादा, गॅस कुठून तरी गळतोय का?"

गळत असता तर सकाळीही गारवा कमी पडला असता. गॅस घड्याळ बघून गळत नाही. दुपारी बंद आणि सकाळी चालू, ही खूण उष्णता बाहेर टाकता न येण्याची असते. म्हणून जायची वेळ मी मुद्दाम दुपारची ठेवली. सकाळी जाऊन हा बिघाड कुणालाही दिसला नसता.

कॉईलचं काम

पुढची मोजमापं कळण्यासाठी बाहेरच्या युनिटमधली कॉईल काय करते ते नीट बघायला हवं. एसी गारवा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेतो. उचलायचं काम आतली कॉईल करते आणि टाकायचं काम बाहेरची, म्हणजे कंडेन्सर. दीड टन म्हणजे साधारण ५.२ किलोवॉट उष्णता. कॉम्प्रेसर जी वीज खातो तीही शेवटी उष्णता होऊन याच कॉईलमधून बाहेर पडते. दोन्हींची बेरीज साडेसहा ते सात किलोवॉट होते. हजार वॉटच्या सात शेगड्या एकदम पेटवल्यावर जेवढी धग निघेल, तेवढी उष्णता त्या जाळीदार पत्र्यातून सतत बाहेर जात राहिली पाहिजे.

उष्णता आपसूक फक्त जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते. बाहेर ४२ अंश असतील तर कॉईलमधला गॅस ४२ च्या बराच वर असल्याशिवाय तो हवेला उष्णता देऊच शकत नाही. कॉम्प्रेसर गॅस दाबतो तो यासाठीच. दाबलेला गॅस ८०-९० अंशांचा होऊन कॉईलमध्ये शिरतो. सुरुवातीच्या काही नळ्यांत तो नुसता थंड होतो. मग मधल्या मोठ्या भागात त्याचा द्रव होतो. तिथं तापमान हलत नाही, पण सगळ्यात जास्त उष्णता तिथंच बाहेर पडते. शेवटच्या थोड्या नळ्यांत तो द्रव आणखी पाच-आठ अंशांनी निवतो आणि मग कॅपिलरीकडे, म्हणजे दाब उतरवणाऱ्या बारीक नळीकडे, जातो.

मधल्या भागात दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. आर-३२ चा द्रव ४५ अंशांवर होत असेल तर दाब ३९० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास असतो, ५५ अंशांवर ४९५ च्या आसपास. म्हणजे कॉईलला उष्णता टाकणं जितकं अवघड जाईल तितकं तिचं तापमान चढतं, त्याबरोबर दाब चढतो, आणि तो दाब ओढायला कॉम्प्रेसर जास्त करंट घेतो. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, आणि तीही त्याच कॉईलनं टाकायची. हे चक्र एकदा धरलं की शेवट ओव्हरलोड प्रोटेक्टर ट्रिप होण्यात होतो. प्रोटेक्टर कॉम्प्रेसर जळू नये म्हणून पुरवठा तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. मॅडमच्या अर्ध्या-पाऊण तासाचा हिशोब हाच होता.

या गावात याचं महत्त्व जास्त आहे. एसीच्या क्षमतेची मुख्य चाचणी बाहेर ३५ अंश धरून होते. स्टार रेटिंगचा हिशोब २४ ते ४३ अंशांच्या पट्ट्यावर बसवलेला असतो. सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ अंश ही नवलाई नाही, म्हणजे त्या पट्ट्याच्या टोकावरच आपण रोजची दुपार काढतो. पुण्यात थोडी मळलेली कॉईल वर्षभर खपून जाते. इथं तेवढ्यानंच मशीन बसतं.

दुपारी अडीचची मोजमापं

रस्त्याच्या बाजूला सावलीत ४२ अंश होते. व्होल्टेज २१८, थोडं कमी पण दोष देण्याइतकं नाही. कॉम्प्रेसर नुकताच पुन्हा लागला होता आणि करंट चढत चढत १०.४ अँपिअरवर गेला. युनिटच्या माहितीच्या प्लेटवर लिहिलेला करंट ७.२ होता. सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा, दाब १६० पीएसआय. खोलीतून आत शिरणारी हवा ३१ अंश, जाळीतून येणारी २२.

यातल्या दोन आकड्यांनीच गॅस कमी असल्याची शंका मिटली. गॅस कमी असला की सक्शन खाली येतो, करंट प्लेटच्याही खाली उतरतो आणि बरेचदा आतल्या कॉईलच्या सुरुवातीला बर्फ धरतो. इथं सक्शन वर आणि करंट तर फारच वर होता. मग दोन मिस्त्रींनी गॅस का भरला असेल? बहुतेक घरगुती स्प्लिट एसीत कॅपिलरी बाहेरच्याच युनिटमध्ये असते, त्यामुळे हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा, दाब मोजायला पोर्ट मिळत नाही. मिळतो तो एकटा सक्शनचा. सकाळच्या गार हवेत तो थोडा कमी दिसतो, गिऱ्हाईक "गार होत नाही" म्हणत असतं, आणि सिलिंडर हाताशी असतो. घाईत हे होतं, तरी ते बरोबर नाही. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावायला मिनिटभर पुरतो, आणि तो लावल्याशिवाय गॅसच्या सिलिंडरला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

हाय साइड थेट मोजता येत नाही, पण कॉईलच्या मधल्या वळणावर थर्मामीटरचा प्रोब घट्ट बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळलं की द्रव होण्याचं तापमान कळतं. ते ६३ अंश निघालं. म्हणजे दाब सुमारे ५९० पीएसआय. युनिटच्या प्लेटवर हाय साइडची कमाल मर्यादा ४.२ मेगापास्कल, म्हणजे जवळपास ६१० पीएसआय होती. मशीन रोज दुपारी आपल्या मर्यादेला खेटून चाललं होतं. कॉईलमधून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा पाइप ५० अंशांवर होता, वळणापेक्षा १३ अंश खाली. हा फरक पाच-आठ अंशांचा हवा. तो वाढतो तेव्हा कॉईलच्या शेवटच्या बऱ्याच नळ्या द्रवानं भरून राहिलेल्या असतात, म्हणजे गॅस कमी नसून जादा असतो.

युनिट जिथं बसवलं होतं ती जागा

इमारत आणि शेजारचा टॉवेलचा कारखाना यांच्यामध्ये चार फुटांची बोळ आहे. युनिट त्या बोळात भिंतीवर लटकवलेलं. पावसापासून बचाव म्हणून कुणीतरी वर पत्रा ठोकलेला, तोही युनिटच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. आणि त्याच बोळात कारखान्याचा एक्झॉस्ट पंखा उघडतो.

युनिटच्या पंख्यानं फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटत होती, पत्र्यामुळे वर जाऊ शकत नव्हती आणि वळून पुन्हा युनिटच्या पाठीमागून आत ओढली जात होती. कॉईलमध्ये शिरणारी हवा मोजली तर ४७ अंश. रस्त्यावर ४२ असताना या एसीसाठी मात्र गावाचं तापमान ४७ होतं. बाहेर पडणारी हवा ६१ अंशांची होती, म्हणजे १४ अंशांचा फरक. पंखा ठीक फिरत असेल आणि कॉईल मोकळी असेल तर दीड टनाच्या युनिटला हा फरक दहाच्या आसपास यायला हवा. पंख्याचा कॅपॅसिटर तपासला, तो बरोबर निघाला. पंख्याला वेगही पुरेसा होता. तेव्हा हवा कॉईलमध्येच अडत होती.

पण कॉईल तर स्वच्छ दिसत होती. मॅडमचा सहायक म्हणाला, "काका, मागच्या महिन्यातच जेट पंपानं धुतलीय." पाठीमागून पाहिलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या फिन (नळ्यांवरच्या पातळ पट्ट्या) खरंच चकचकीत होत्या.

मेन स्विच बंद करून युनिटचं वरचं झाकण आणि पंख्याची जाळी काढली, आत टॉर्च धरला आणि सहायकाला मागच्या बाजूनं बघायला सांगितलं. मोकळ्या कॉईलमधून उजेडाच्या बारीक रेघा आरपार दिसतात. इथं खालच्या दोन-तृतीयांश भागातून काहीच दिसेना.

या युनिटची कॉईल दोन रांगांची होती, म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि फिनचे दोन थर एकमेकांना चिकटून उभे. दोन फिनमधलं अंतर दीड मिलिमीटरच्या आत-बाहेर. सुताचे तंतू पहिल्या रांगेतून आत शिरतात आणि दोन रांगांच्या सांध्यावर अडकतात. बाहेरून जेट मारला की बाहेरची रांग स्वच्छ होते आणि तिथला सगळा माल सांध्यावर आणखी घट्ट बसतो. पातळ पट्टीनं टोकाकडून थोडं उकरलं तर राखाडी रंगाचा, ओलसर, नमद्यासारखा थर निघाला. त्यात धूळ होती, बोळातलं तेलकट होतं आणि बाकी सगळं सूत.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या टॉवेलच्या मऊपणाचं कारणच इथं कॉईलमध्ये येऊन बसलं होतं. टेरीचे लूप (वर उभे दिसणारे फासे) कमी पिळाच्या सुताचे असतात, म्हणून टॉवेल पाणी पितो. कमी पिळाचं सूत मागावर घासताना तंतूही जास्त सोडतं. चादरीच्या कारखान्याशेजारची कॉईलही मळते, पण टॉवेलच्या कारखान्याशेजारी ती कितीतरी लवकर भरते. पूर्व भागात एसीचं काम करणाऱ्यानं शेजारी काय विणलं जातं हे विचारूनच सर्व्हिसिंगचा काळ ठरवावा.

साफसफाई

पाणी अगदी शेवटी. आधी कॅपॅसिटर आणि वायरिंगचा भाग प्लॅस्टिकनं बांधला. सुके तंतू मऊ ब्रशनं, फिनच्या उभ्या दिशेनंच, वरून खाली काढले. आडवा ब्रश मारला की फिन वाकतात, आणि वाकलेली फिन हवा तितकीच अडवते. मग दोन रांगांना धरून ठेवणाऱ्या बाजूच्या पट्टीचे स्क्रू काढून रांगांमध्ये थोडी फट केली. नळ्यांची वळणं जोडलेली असतात, त्यामुळे ती बोटभरच होते आणि जोर लावला तर ब्रेझिंग (नळ्यांचा धातू वितळवून केलेला जोड) फुटू शकतं. या फटीतून थर पट्ट्यापट्ट्यांनी ओढून काढता आला.

त्यानंतर आतून बाहेर, म्हणजे हवा वाहते त्याच्या उलट दिशेनं, कमी जोराचं पाणी. पाणी सरळ रेषेत मारायचं, तिरपं नाही. अ‍ॅल्युमिनियमला खाणारा जहाल क्लीनर वापरला नाही. तेलकटपणासाठी सौम्य क्लीनर आणि भरपूर खळबळून पाणी एवढं पुरलं. पाणी मात्र बोअरचं घेतलं नाही. इथलं बोअरचं पाणी जड, ते फिनवर सुकलं की पांढरा क्षार धरतं आणि तो पुढच्या वेळी तंतूंना चिकटायला जागा देतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ड्रमातलं साठवणीचं पाणी एसी धुवायला मागणं अवघड वाटतं, पण मॅडमनी दोन बादल्या काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वेळी, बाहेर तितक्याच उन्हात पुन्हा मोजलं. कॉईलमध्ये शिरणारी हवा ४६, निघणारी ५६, फरक दहावर आला. वळणावरचं तापमान ६३ वरून ५८. करंट ९.२. एसी दिवसभर एकदाही ट्रिप झाला नाही. इथं काम संपलं म्हणून पैसे घेऊन निघता आलं असतं. पण ९.२ हा आकडा अजून जास्तच होता, शिरणारी हवा ४६ होती, आणि द्रवाचा पाइप वळणापेक्षा अजूनही ११ अंश खाली. जागेचा आणि जादा गॅसचा प्रश्न तसाच होता. ४४ अंशांची एखादी दुपार आली असती तर हेच मशीन पुन्हा बसलं असतं.

जागा आणि गॅस

आधी कारखान्याच्या मालकांशी बोललो. "अण्णा, तुमच्या एक्झॉस्टची हवा थेट यांच्या युनिटवर येतेय, पंखा दुसऱ्या भिंतीला घेता येईल का?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. दुसऱ्या बाजूला मागांची रांग आहे, पंखा हलवायचा तर माग बंद ठेवावे लागतील, ऐन सीझनमध्ये ते परवडणारं नाही. आणि शेडमधली हवा बाहेर काढली नाही तर आतल्या कामगारांना उभं राहणं मुश्कील. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. हलवायला सोपं होतं ते आमचं युनिट.

गच्चीवर जिन्याच्या टॉवरच्या उत्तरेला मोकळी जागा आहे. तिथं युनिट जमिनीपासून फूटभर उंच स्टँडवर बसवलं, मागे भिंतीपासून पुरेशी जागा आणि समोर पूर्ण मोकळं. डोक्यावर पत्रा नाही. बाहेरचं युनिट पावसासाठीच बनवलेलं असतं, त्याला छप्पर लागत नाही.

पाइप सोडण्यासाठी गॅस काढायचाच होता. तो हवेत न सोडता रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये घेतला आणि तोलला. भरला १०६० ग्रॅम. प्लेटवर लिहिलेलं प्रमाण ८२० ग्रॅम. दोन मिस्त्रींनी मिळून जवळपास पाव किलो गॅस जादा घातला होता. त्या जादा गॅसचा द्रव कॉईलच्या खालच्या नळ्यांत साचून राहिला, द्रव बनवायला उरलेली जागा तेवढी कमी झाली आणि दाब आणखी चढला. आधीच तंतूंनी अडलेल्या कॉईलचा तोही भाग असा निकामी झाला. गॅस भरल्यावर एसी लवकर का बसायला लागला, याचं उत्तर वजनकाट्यावर मिळालं.

नवीन जागेसाठी पाइप तीन मीटरनं वाढला होता. कंपनीच्या पत्रकातल्या प्रमाणानं त्याचे ४५ ग्रॅम धरून, व्हॅक्यूम काढून, ८६५ ग्रॅम गॅस काट्यावर तोलून भरला. आर-३२ हा एकाच घटकाचा गॅस आहे, मिश्रण नाही, म्हणून थोडा भरणं-काढणं चालतं. पण तो सौम्य ज्वलनशील असल्यामुळे ब्रेझिंगच्या आधी लाइन नायट्रोजननं पूर्ण साफ करणं इथं टाळता येत नाही.

गच्चीवर ४२ अंशांच्या दुपारी शिरणारी हवा ४३, निघणारी ५३, वळण ५५, द्रवाचा पाइप ४८. करंट ८.२. त्याच व्होल्टेजला आधीच्या १०.४ शी तुलना केली तर साधारण ४५० वॉटची बचत, आणि खोली २५ अंशांवर टिकून. अ‍ॅनालायझरला तेवढं पुरतं. २२ वर ठेवायचा हट्ट मॅडमनी सोडला हे बरं झालं, कारण एवढ्या उन्हात त्या आकड्यासाठी कॉम्प्रेसर थांबतच नाही.

जाळी आणि पाणी

काम चालू असताना दोन सूचना सगळ्यांकडून आल्या, त्यांचं उत्तर इथं लिहून ठेवतो. पहिली, कॉईलवर मच्छरदाणीची जाळी लावायची. कॉईलला चिकटवून लावलेली जाळी आठवड्याभरात तंतूंनी भरते आणि हवा कॉईलइतकीच अडवते. लावायचीच असेल तर हातभर अंतर सोडून, कॉईलच्या दुप्पट क्षेत्राच्या चौकटीवर, आणि दर आठवड्याला झटकणारा माणूस ठरवून. लॅबमध्ये तसा माणूस नव्हता, म्हणून लावली नाही.

दुसरी, दुपारी कॉईलवर पाणी मारायचं. सोलापूरची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की पाणी मारताच दाब झपाट्यानं उतरतो, आणि एखाद्या अडचणीच्या दिवशी साठवणीच्या पाण्यानं ते जरूर करावं. रोज बोअरच्या पाण्यानं केलं तर एका हंगामात फिनवर क्षाराचा थर बसतो, आणि तो ब्रशनं निघत नाही.

लॅबच्या वहीत सहायक आता दर सोमवारी दुपारी तीन आकडे लिहितो : आत शिरणारी हवा, जाळीतून येणारी हवा आणि कॉम्प्रेसरचा करंट. बाहेर ४२ च्या आसपास असताना करंट ९ च्या वर गेला तर आधी झाकण उघडून टॉर्च धरायचा, असं त्याच पानावर लिहून दिलं आहे. गच्चीवरही बोळाच्या वाऱ्यानं तंतू येतातच, म्हणून दोन रांगांच्या मधली सफाई फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलच्या शेवटी एकदा ठरवली आहे.